मनाची गोळी

मागच्या वर्षी एका मंगळवारी आई गेली. नैराश्याची गोळी ती जन्मभर आमच्याकडे पाठ फिरवून, लपवून घ्यायची.

आज माझ्या लेकीला, मीराला, पाहायला पाहुणे आले होते. तिने सगळ्यांसमोर तशीच गोळी हातावर काढली.

“डोकं दुखतंय का गं?” मुलाच्या आईने विचारलं.

“नाही काकू, मनासाठी आहे. आजीलाही हाच आजार होता.”

मी पदर घट्ट धरला.

“मग आधी पोहे खा. रिकाम्या पोटी नको,” त्या मीराला म्हणाल्या.

डॉक्टर म्हणतात, जनुकं तीच राहतात. जगताना जे सोसलं त्याने त्यांतली काही जागी होतात, काही निजतात, आणि त्याची खूण कदाचित पुढच्या पिढीतही उतरते. आईच्या लपवण्याची खूणही आमच्यात उतरली असेल. मीराने ती पुसायला घेतली, याचा मला अभिमान वाटतो.

स्थळाचं अजून कळलेलं नाही. आई नाही. तिचा आजार घरात आहे, आणि आता तो सगळ्यांना माहीत आहे.