पाणी मारलं का?

त्यांना सगळे पाणीमारे म्हणत. परक्या माणसाला ते आडनाव वाटायचं आणि तो अदबीनं 'या पाणीमारेसाहेब' म्हणायचा, तेव्हा ओळखीची मंडळी तोंडाला रुमाल लावायची. आडनाव कसलं, खोड होती ती. उभी हयात गवंडीकामात गेलेली. सिमेंटची भिंत उभी राहिली की ती पक्की होईपर्यंत तिला रोज पाणी पाजायचं, हा त्यांचा धर्म. कुणाकडे आजाऱ्याला भेटायला गेले तरी आधी नजर कुंपणाच्या नव्या भिंतीवर, मग आजाऱ्यावर. एका लग्नात ते नवऱ्या मुलाच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजले. लोकांना वाटलं, वडीलधारा माणूस, संसाराचं चार शब्दांत सांगतोय. ते विचारत होते, वरच्या मजल्याच्या स्लॅबला पाणी मारलं का.

अशा माणसाचं स्वतःचं घर नव्हतं. अर्ध्या वस्तीच्या भिंती त्यांच्या हातच्या, आणि स्वतः दोन भाड्याच्या खोल्यांत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या खोल्यांना एकच खिडकी होती. ती उघडली की शेजारच्या घराची भिंत, आणि तीही यांनीच बांधलेली. बायको कधीमधी म्हणायची, "काय सुरेख बांधलीय हो, माझा सगळा उजेड अडवलाय." तिचं मागणं फार नव्हतं. एक रुंद खिडकी हवी, तिच्यात पाय वर घेऊन बसता यावं आणि समोर एखादं झाड दिसावं. पाणीमारे दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी. पण सिमेंट-विटांचे भाव असे की साठवलेल्या पैशांत जेमतेम जोतं झालं असतं. जोत्यावर बसायला ती काय कबुतर आहे?

मग त्यांच्या लेकीनं घोळ घातला. ती घरं बांधायचंच शिकलेली, पण तिचं डोकं वेगळ्या वाटेनं चालायचं. तिनं घरी येऊन सांगितलं की शहराबाहेरच्या आपल्या जमिनीच्या तुकड्यावर घर बांधायचं, आणि भिंती पेंढ्याच्या. मळणी झाल्यावर शेतकरी जे काड शेतातच पेटवून देतात, त्याचे दाबून बांधलेले गठ्ठे विटांसारखे रचायचे, बांबू ठोकून जखडायचे आणि दोन्ही अंगांनी मातीचा गिलावा. सिमेंटच्या भट्ट्यांचा धूर नको, काड जाळल्याचाही नको, खर्च आपल्या बेताचा, उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पाणीमारे शांतपणे ऐकून म्हणाले, की जनावर पाळायचंय का माणसं राहायचीत ते आधी ठरवा. बायकोनं एवढंच विचारलं की भिंत जाड किती. लेकीनं दोन्ही पंजे हातभर अंतरावर धरून दाखवलं. एवढ्या जाड भिंतीत खिडकी म्हणजे बसायला ओटाच झाला. झालं, घराचा निकाल तिथेच लागला.

पाणीमारेंनी नाक मुरडलं, पण थापी घेऊन आले. दगडाचं जोतं त्यांनी असं घातलं की लेकीला बोट ठेवायला जागा उरली नाही. पुढे मात्र त्यांचं काही चालेना. गठ्ठे कुठे फुगलेले, कुठे दबलेले. भिंत सरळ आहे का पाहायला ओळंबा सोडला की ओळंबाच लाजायचा. भाड्याच्या खोल्यांच्या बोळातल्या मंडळींनी 'पेंढ्याची गंजी कुठवर आली' म्हणून विचारायला सुरुवात केली. शिवाय आणखी दोन कुटुंबं या घराकडे डोळे लावून बसली होती. हे टिकलं तर तीही लेकीकडून असंच घर बांधून घेणार होती. लेकीचं पहिलंच काम. फसलं असतं तर तिला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

तिनं बापाला एकच गोष्ट बजावली होती. पेंढ्याचा वैरी एकच, पाणी. म्हणून जोतं उंच, म्हणून छपराची वळचण एवढी पुढे काढलेली. गिलावा मातीचा आहे, तो नुसता सुकू द्यायचा. पाणीमारेंनी मान हलवली. माणूस मान हलवतो तेव्हा हातांना विचारत नाही.

खिडकीच्या भिंतीला गिलावा झाला आणि पाणीमारेंची झोप उडाली. ताजी भिंत उन्हात तापतेय आणि आपण हातावर हात ठेवून बसायचं? हात शिवशिवायला लागले. माती सुकताना बारीक भेगा पडल्या, तेव्हा तर त्यांच्या काळजालाच पडल्या. बाकीच्या भिंतींचं एक वेळ चाललं असतं, ही बायकोची. सकाळी लेक यायच्या आत ते जायचे, नळी लावायचे आणि भिंतीला मायेनं भिजवायचे. आपल्या हिशेबी थोडंसंच. खिडकीच्या ओट्यावर जरा जास्त.

जित्याची खोड, दुसरं काय.

आठवड्याभरात गिलावा पोट सुटल्यासारखा खाली उतरला. लेकीनं भिंतीत हात घातला आणि बाहेर काढून हुंगला. आंबूस वास. ती धावत छपरावर चढली. गळती शोधली, सांधे तपासले, वळचणीखाली उभं राहून वाऱ्याची दिशा पाहिली. काही सापडेना. शेवटी ती खाली उतरली आणि जोत्यावर बसली. म्हणाली की आपलंच काहीतरी चुकलंय, छपराचा अंदाज चुकला असणार, त्या दोन कुटुंबांना आजच नको म्हणून कळवते. बिचारीनं पावसाचा पक्का बंदोबस्त केला होता, बापाचा करायचा राहिला होता.

पाणीमारे थापी पुसत उभे राहिले. पुसायला तिच्यावर काही नव्हतं. नुसतं गप्प बसलं की झालं, हे त्यांना कळत होतं. पेंढाच वाईट, मी आधीच सांगत होतो, असं सगळी वस्ती म्हणाली असती. एवढ्या वर्षांची अब्रू शाबूत राहिली असती. पोर मात्र त्या जोत्यावरच बसून राहिली असती.

बायको डबा घेऊन आली होती. तिनं भिंत पाहिली, लेक पाहिली, मग कोपऱ्यात वेटोळं करून ठेवलेली नळी पाहिली. नळीच्या तोंडाशी ओल होती. आयुष्यभर जो प्रश्न तिनं या माणसाच्या तोंडून ऐकला होता, तो तिनं अगदी हळू त्यालाच विचारला.

"अहो, पाणी मारलं का?"

पाणीमारेंनी खाली पाहिलं. "मारलं," ते म्हणाले. मग लेकीकडे वळून, "छप्पर चांगलंय तुझं. रोज मीच मारत होतो."

लेक आधी चिडली, चांगली चिडली. चारदा बाबा म्हणाली आणि चारही वेळा वाक्य पुरं झालं नाही. मग डोळे पुसता पुसता हसायला लागली, आणि ते पाहून पाणीमारेंच्या जिवात जीव आला.

ओले गठ्ठे काढून टाकले, कोरडे रचले. पडलेली माती मात्र टाकायची नाही म्हणाली ती. पाणी घालून तुडवली की पुन्हा कामाची. पाणीमारे चाट पडले. सिमेंटमध्ये चूक झाली की ती माणसापेक्षा जास्त जगते. इथे चूक तुडवून परत भिंतीलाच लावायची. तो सगळा चिखल त्यांनी स्वतः तुडवला, कुणाला पाय लावू दिला नाही. गिलावाही हातानंच फिरवला. वाळेपर्यंत ते बांधकामाजवळ फिरकले नाहीत. नळी लेकीनं कुलपात ठेवली होती, ते सोडा.

राहायला आले त्या सकाळी बायको खिडकीत चढून बसली. पाय वर घेतले, पाठ जाड भिंतीला टेकली. समोर झाड काही मोठं नव्हतं, बाभळीचं होतं, पण होतं. पाणीमारे चहा घेऊन आले तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा धार लागली होती आणि हनुवटीवरून ओट्यावर टपटपत होती.

त्यांना खूप काही बोलायचं होतं. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत घालवलेल्या सगळ्या वर्षांबद्दल बोलायचं होतं. पण त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून आधी ओटा टिपला, मग तिचे गाल.

"जपून गं," ते म्हणाले. "भिंत भिजेल."

आणि तिच्या शेजारी, उरलेल्या वीतभर जागेत, अंग चोरून बसले.