सुनेसाठी आलेली उमेदवार

धुळ्याच्या बायकांच्या दवाखान्यात मी मोठी नर्सबाई होते, तेव्हा दर उन्हाळ्यात सुईणकामाच्या शिक्षणासाठी सहा बायका निवडायच्या असत. निवडणारे आम्ही तिघं. दवाखान्याच्या डॉक्टरबाई, कमिटीचे चिटणीस असलेले एक वकील आणि मी. अर्ज चाळीस-पन्नास येत. वर्षानुवर्षं ते काम केलं, त्यात दोन-तीनदा माझी निवड साफ चुकलीही. पण एका निवडीचा मला आजही अभिमान वाटतो, आणि त्या बाईनं तर अर्जच केला नव्हता.

ते सांगण्याआधी मी स्वतः या कामात कशी आले ते सांगायला हवं. आमची शेती जळगावच्या पूर्वेकडे, केळीची. भुसावळच्या एका दवाखान्यात मुली शिकायला घेतात असं आबांच्या कानावर आलं आणि ते मला घेऊन गेले. वाटेत त्यांनी मला उत्तरं पढवली होती. सेवेची आवड आहे म्हण, दुःखितांची कळकळ आहे म्हण. आत गेल्यावर मला त्यातलं एकही आठवेना. समोरच्या बाईंनी विचारलं, "तुला येतं काय?" मी म्हणाले, "केळीचे दोन घड उचलून बांधापर्यंत नेता येतात." त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं. इथं माणसं उचलायची असतात." मला घेतलं.

त्यामुळे पुढे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायला लागले, तेव्हा पढवलेली उत्तरं मला लांबून ओळखू यायची. दवाखान्यात यायच्या आधी ओळखीपाळखीच्या बायका माझ्याकडे विचारायला येत, आमच्या पोरीनं काय बोलावं, काय नेसावं. मी सांगायची, नवं लुगडं नेसून येऊ नका, रोजचं धुतलेलं नेसा. वय चोरू नका. जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगा, ते शिकवायलाच तर आम्ही आहोत. आणि बरोबर आलेल्या माणसाला बाहेर बसवा. कारण भाऊ, सासरा, दीर असा कोणीतरी पुरुष बरोबर असायचाच आणि आम्ही बाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तोच द्यायचा. "हिला मुलांची फार आवड आहे हो!" हे वाक्य मी कितीतरी दिरांच्या तोंडून ऐकलं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची ही गोष्ट. चैत्रातलं ऊन रणरणत होतं. आम्ही खोलीच्या दाराला पडदा लावला होता आणि उमेदवार बाहेर पडवीत बसल्या होत्या. साक्रीकडच्या एका खेड्यातून एक विधवा पोर आली होती. विशीच्या आतबाहेरची, मराठी चौथी पास. तिच्याबरोबर मात्र पुरुष नव्हता, सासू होती. पन्नाशी उलटलेली, काळीसावळी, हातात चांदीचे गोठ. सासूला बाहेर थांबवून आम्ही पोरीला आत घेतलं.

पोर खाली मान घालून उभी राहिली. नाव-गाव तिनं सांगितलं, पुढे गाडं अडलं. डॉक्टरबाईंनी धीर देत विचारलं, "तुझी सासू गावात सुईणपण करते म्हणे. तू बरोबर जातेस ना? मग सांग, पोटात मूल आडवं असलं तर काय करायचं?"

पोरीनं पडद्याकडे पाहिलं. आणि पडद्यामागून खणखणीत आवाज आला, "हात घालाना नही! गाडी जुपानी!"

वकीलसाहेब दचकले. मला हसू आवरेना. हात घालायचा नाही, गाडी जुंपायची आणि दवाखाना गाठायचा. चाळीस उमेदवारांत हे उत्तर त्या दिवशी कोणीच दिलं नव्हतं. कोणी म्हणाली होती तेल लावू, कोणी म्हणाली पोट चोळू, कोणी देवाला नारळ बोलून बसली होती.

"अक्का, तुम्ही आत या," मी हाक मारली. वकीलसाहेबांना वाटलं मी तिला झापणार. मी तिला बाकावर बसायला सांगितलं. ती बसली नाही, सुनेच्या शेजारी उभी राहिली.

"किती वर्षं हे काम करता?"

"सासूनी शिकाडं. लगीन व्हयनं तैपासून."

"तुमच्या हाताखाली कोणी बाई दगावली?"

हा प्रश्न मी गावातल्या प्रत्येक सुईणीला विचारत असे आणि प्रत्येक जण एकच उत्तर देई, देवाच्या दयेनं एकही नाही. म्हातारीनं मात्र दोन बोटं पुढे केली. मग म्हणाली, "दोन बाया गयात मन्हा हातखाल."

आणि मग तिनं आपणहून सगळं सांगितलं. पहिली गेली तेव्हा नदीला पूर होता, गाडी पलीकडे जाईना. त्यात तिचा इलाज नव्हता. दुसरीच्या वेळी मात्र नदी कोरडी होती, बैल दारात बांधलेले होते. सकाळीच अक्काच्या ध्यानात आलं होतं की हे आपल्या हातचं नाही. पण गावात नाव होतं. गाडी जुंपा म्हटलं तर लोक म्हणतील हिला जमेनासं झालं. म्हणून ती दुपारपर्यंत थांबली. "माले लाज वाटनी, बाई. मन्ही लाजमुये ती गयी." माझ्या लाजेपायी ती गेली. त्यानंतर ती कधी थांबली नव्हती. जरा शंका आली की घरच्यांशी भांडून गाडी जुंपायला लावत होती, आणि त्यावरून गावात तिला नावंही ठेवत होते.

डॉक्टरबाईंनी हातातली लेखणी खाली ठेवली.

मी म्हातारीला पुन्हा बाहेर बसायला सांगितलं, यावेळी पडवीच्या पार टोकाला, आणि सुनेला जवळ बोलावलं. म्हटलं, "आता ऐकायला कोणी नाही. तुला हे काम करायचंय का?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मला रक्त बघवत नाही. दोनदा चक्कर येऊन पडले. आत्याबाईंना सांगायला तोंड होत नाही. त्या माझ्यासाठीच करतात सगळं."

"मग तुला काय करावंसं वाटतं?"

"शाळा," ती म्हणाली. "मला पुढे शिकता आलं तर..."

मी तिच्या देखतच सासूला बोलावलं आणि सांगून टाकलं. म्हातारी सुनेकडे बघतच राहिली. रागावली नाही. फक्त म्हणाली, "सांगं का नही माले?"

"तुम्ही विचारलं नाही, आत्याबाई."

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळून, जणू हिशेब मिटला असं समजून, म्हणाली, "बरं बाई, येतस आमी. साक्रीनी गाडी चुकाले नको."

"सुनेचं राहू दे," मी म्हटलं. "तुम्ही स्वतःसाठी का नाही अर्ज केला?"

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती हसायला लागली. "मी? माले कोन ठेवी, बाई? मन्हं वय व्हई गयं. लिव्हता येस नही, वाचता येस नही."

तिच्या मनात हा विचार एकदासुद्धा आला नव्हता. पस्तीस-चाळीस वर्षं जे काम करत होती, ते काम आपण मागू शकतो असं तिला वाटलं नव्हतं. सुनेला पुढे करून ती पडद्यामागून उत्तरं देत होती. अशा बायका मी नंतरही पुष्कळ पाहिल्या. त्यांना एकच सांगत आले, तोंड उघडून मागा, फार तर आम्ही नाही म्हणू.

वकीलसाहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. उमेदवाराचं वय तिशीच्या आत हवं, चौथी पास हवी. ते वाईट माणूस नव्हते, पण नियमापुढे त्यांचं काही चालत नसे. मी म्हणाले, "शिकणाऱ्यांची यादी राहू द्या. बाळंतिणींच्या वॉर्डात आयाची जागा रिकामी आहे. त्या जागेला वयाचा नियम आहे का?"

त्यांनी पानं उलटली. "नाही."

"वाचता येण्याचा?"

"तोही दिसत नाही."

"मग वॉर्डातली आया काम संपवून शिकवणीच्या वर्गात मागे बसली तर तुमची हरकत?"

त्यांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "माझी तर मुळीच नाही." वकीलसाहेबांनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी पहिल्यांदाच वाद घातला होता, आणि माझं मलाच बरं वाटलं.

अक्का चार दिवसांनी बोचकं घेऊन हजर झाली. सुरुवात सोपी नव्हती. गोठ काढायला तयार नव्हती, शेवटी डॉक्टरबाईंनी गोठाखाली काय काय चिकटून राहतं ते दाखवलं तेव्हा मुकाट्यानं काढून दिले. गावात विळ्यानं नाळ कापायची सवय, म्हणून उकळत्या पाण्यातली कात्री तिला थोतांड वाटायची. "आमी इळानी नाळ कापी, पोरे जगनात ना?" मी विचारलं, "सगळी?" दुसऱ्या दिवसापासून पाणी उकळायला सगळ्यांच्या आधी तीच उभी.

वर्गात ती मागे भिंतीला टेकून बसे. वीस-बावीस वर्षांच्या पोरी लिहून घेत आणि विसरत. अक्का लिहीत नव्हती, म्हणून विसरत नव्हती. थर्मामीटरचे आकडे मात्र अडले. तेव्हा सून कामी आली. मी तिला मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांकडे चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. त्यांनी तिला पुढच्या इयत्तेत घेतलं आणि दोघी सासू-सुना दवाखान्यामागच्या एका खोलीत राहायला लागल्या. सून शाळेतून आली की पाटीवर आकडे काढायची आणि सासू त्यावरून बोट फिरवायची. पंधरा दिवसांत अक्का ताप वाचायला लागली. ज्या दिवशी पहिल्यांदा बरोबर वाचला, त्या दिवशी ती थर्मामीटर हातात धरून सगळ्या वॉर्डात सांगत फिरली.

तिच्यामुळे आमचं एक मोठं काम झालं. मी पूर्वेकडची, माझी बोली निराळी. डॉक्टरबाई तर पुण्याच्या. खेड्यातली बाई पोटात कसं दुखतंय ते सांगायची आणि आम्हाला निम्मं कळायचं नाही. अक्काला सगळं कळायचं. कुठलं दुखणं साधं आणि कुठल्यात धोका, हे ती बाईच्या एका शब्दावरून ओळखायची आणि आम्हाला येऊन सांगायची. घाबरून परत निघालेल्या कितीतरी बायकांना तिनं पायरीवरून हाताला धरून आत आणलं.

दोन वर्षांनी परीक्षा घ्यायला बाहेरगावचे मोठे डॉक्टर आले. मी धीर करून म्हटलं, "आमची एक आया आहे. तिचीही तोंडी परीक्षा घ्याल का?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण घेतली. दहा मिनिटांसाठी आत गेलेली अक्का तासभर बाहेर आली नाही. दाराबाहेर मी येरझाऱ्या घालत होते. माझ्या स्वतःच्या परीक्षेला मी इतकी घाबरले नव्हते. शेवटी दार उघडलं आणि ते डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "बाई, तुम्ही हिला निवडलंत?"

"हो, मी निवडलं."

"बरं केलंत," ते म्हणाले आणि चहा मागवला.

तिला सुईणीचा दाखला मिळाला. त्यावर सही करायची होती. ती अंगठा पुढे करील असं मला वाटलं होतं, पण तिनं टाक घेतला आणि एकेक अक्षर कोरत आपलं नाव लिहिलं. सुनेनं ते तिला कधी शिकवलं याचा मला पत्ताच नव्हता. शाई सुकेपर्यंत ती कागदावर फुंकर घालत होती.

पुढे साक्रीच्या बाजूला सरकारी दवाखान्यात सुईणीची जागा निघाली, तेव्हा तिनं अर्ज केला. स्वतःच्या नावानं. सुनेनं लिहून दिला, पण मजकूर सासूचा. मला दाखवायला आणला. त्यात तिनं लिहवून घेतलं होतं की माझ्या हाताखाली दोन बाया गेल्या, एक माझ्या चुकीनं, त्यानंतर एकही नाही. सून म्हणत होती की हे काढून टाकू, साहेब बिचकतील. मी म्हटलं, "राहू दे."

ती जागा तिला मिळाली. सून तोवर सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास होऊन पारोळ्याला शिक्षिका झाली होती. सुट्टी लागली की ती सासूकडे जायची. एकदा दोघी मला भेटायला धुळ्याला आल्या होत्या. सुनेच्या हातात छत्री, पायात वहाणा, आणि सासू सुनेकडे बोट दाखवत सगळ्या वॉर्डाला सांगत होती, "मन्ही वऊ मास्तरीण शे!"

मी विचारलं, "आणि सासू कोण शे?"

अक्का लाजली. पण मान खाली घातली नाही.