दोन्ही गुडघ्यांना पट्टी

जालन्यातल्या एका महाविद्यालयात नरहर देऊळगावकर कारकून आहे. परीक्षेच्या अर्जांवर शिक्के मारणं हे त्याचं पोटापाण्याचं काम, आणि गावोगावच्या कबड्डीच्या बातम्या लिहिणं हे त्याचं वेड. एका स्थानिक दैनिकाचा तो क्रीडा वार्ताहर आहे म्हणे. म्हणे अशासाठी, की दैनिक त्याला पगार देत नाही. पेट्रोलचं काय ते देतं, तेही आठवण केली तर. खेळणारी पोरं फुकट खेळतात आणि हा फुकट लिहितो. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे दोन्ही पक्ष, म्हणूनच तुमचं इतकं जमलं, असं त्याची बायको शरयू म्हणते.

बातमी लिहायची त्याची एक तऱ्हा होती. गावातल्या स्पर्धेची बातमी म्हणजे बाकीच्या वार्ताहरांकडे अर्ध्याहून जास्त पाहुणेच: उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती आणि शेवटी सर्वांचे आभार. खेळाडूंची नावं जागा उरली तर. नरहर मात्र पाहुण्यांना शेवटच्या ओळीत ढकलायचा, आणि त्यावरून आयोजकांशी त्याची कितीदा तरी जुंपली. वर बातमीत बारकावे असे, की सामना न पाहिलेल्यालाही मैदान दिसावं. कुणी कोणत्या पायाने बोनस घेतला, कोपऱ्यातल्या गड्याने डावा घोटा धरला की उजवा, सगळं. “बातमीत डावं-उजवं पाहिजे,” असं तो छाती काढून सांगायचा. पोरं त्याची बातमी अभ्यासासारखी वाचत. स्वतःच्या टीमची वाचत आणि समोरच्या टीमची त्याहून बारकाईने वाचत. याचा नरहरला केवढा अभिमान!

स्टेजवर पत्रकारांसाठी खुर्ची असायची, हार असायचा, कधी नारळही. हा गडी स्टेजवर कधी बसला नाही. पोरांच्या घोळक्यात, मैदानाच्या कडेला मांडी घालून बसायचा. तिथे जे दिसतं ते खुर्चीवरून दिसत नाही. शहागडच्या टीमचे धर्मराजकाका घ्या. स्वतः जुने खेळाडू, आता कापूस आणि मोसंबी बघतात आणि संध्याकाळी पोरांना खेळवतात. त्यांचा एक नियम होता: दुखणं एका गुडघ्याला असलं तरी पट्टी दोन्ही गुडघ्यांना बांधायची. समोरच्याला कळता कामा नये. कबड्डीत दुखरा पाय कळला, की सात जण त्याच्यावरच टपतात. पट्ट्या बांधायच्या वेळी पाहुण्यारावळ्यांना, गाववाल्यांना, अगदी भावकीलाही काका लांब ठेवत. नरहरसमोर कुणी आडोसा धरला नाही. त्याने आयुष्यात काय कमावलं असं कुणी विचारलं असतं, तर त्याने हेच सांगितलं असतं.

हरिओम हा शहागडचा रेडर. हायवेवर ट्रकमध्ये माल चढवायचा, वर ताडपत्री ओढून दोरखंड आवळायचा, हा त्याचा रोजगार. दिवसभर ट्रकच्या टपावर चढउतार आणि संध्याकाळी सराव. बाप लहानपणीच गेलेला, घरात माय आणि हा. गुडघे हेच त्याचं भांडवल, कामाचंही आणि खेळाचंही.

यंदाच्या हिवाळ्यात आष्टीला मोठी स्पर्धा भरली. जिल्ह्याचा संघ निवडणारी माणसं रविवारची फायनल पाहायला येणार, अशी पक्की खबर होती. हरिओमचं नाव त्यांच्या कानावर आधीच होतं. शनिवारच्या सेमीफायनलमध्ये पहिल्याच डावात त्याच्या अंगावर तिघं पडले आणि उजवा गुडघा पिळवटला. तो उठला, धूळ झटकली, चालत बाहेर आला. बघणाऱ्यांना काहीच कळलं नाही. मध्यंतरात काकांनी पट्ट्या सोडल्या तेव्हा नरहर हाताच्या अंतरावर बसलेला होता. गुडघा टम्म सुजला होता.

“सर, हे तुमच्यापाशीच ठेवा,” हरिओम हळू आवाजात म्हणाला. “उद्याची फायनल होऊ द्या. मंग काय लिहायचं ते लिहा.”

“बिनघोर राहा,” नरहर म्हणाला.

काकांनी दोन्ही गुडघ्यांना सारख्या पट्ट्या आवळल्या. दुसऱ्या डावात हरिओम रेडला जात राहिला, पण रेषा ओलांडून नुसता उभा राहून परत येई. बाकीच्या पोरांनी ओढूनताणून सामना काढला. लोकांना जिंकलेलं दिसत नाही, रिकाम्या हाताने परत आलेला दिसतो.

संध्याकाळी चहाच्या हॉटेलात संपत नावाचा एक बोलघेवडा मोबाईलवर त्याच रेडचे व्हिडिओ दाखवत होता. “बघा, बघा. अंग चोरून राह्यला. जिल्ह्याच्या टीमसाठी ठेवलाय जीव. गावासाठी कोण हातपाय मोडून घेतंय?”

“रेडला गेल्ता का पाव्हणा म्हणून गेल्ता?” दुसरा म्हणाला. “पाणी पिऊन वापस आला नुसता.”

हॉटेल हसलं. नरहरच्या हातातला कप तसाच राहिला. ज्याने कधी लंगडीसुद्धा घातली नसेल, त्याने खुर्चीत बसून या पोराला अंगचोर म्हणावं! तो उठला, मोटरसायकलला टेकून मोबाईलवर बातमी लिहायला लागला. पेपरचं पान लागायची वेळ जवळ आली होती.

त्याने लिहिलं: ‘शहागडचा हरिओम अंग चोरत नव्हता. उजवा गुडघा सुजून टम्म झालेला, त्या पायावर भार देणंही अशक्य, तरी हा बहाद्दर एकही चढाई चुकवायला तयार नव्हता. पाय मोडला तरी मैदान सोडणार नाही, अशा जिद्दीची पोरं आजही आपल्या गावांत आहेत.’

बातमी पाठवली आणि नेहमीप्रमाणे फोनवर शरयूला वाचून दाखवली.

“त्याला विचारलंत?” शरयूने विचारलं.

“तो थांबा म्हणाला होता उद्यापर्यंत. लाजतो गं तो. आपली स्तुती छापा असं कोण म्हणतं? आणि मी चांगलंच लिहिलंय की.”

रागाच्या भरात लिहिलेलं एकदा पुन्हा वाचावं आणि प्रेमाच्या भरात लिहिलेलं दोनदा. नरहरच्या लिहिण्यात दोन्ही होतं आणि त्याने एकदाही वाचलं नाही. ज्या माणसाची बातमी समोरच्या टीमा पाठ करतात, त्याला त्या संध्याकाळी फक्त हॉटेलातली चार टाळकी आठवत होती. त्यांची तोंडं बंद करायची, एवढंच डोक्यात. असा शहाणा माणूस इतका खुळेपणा कसा करतो, असं मला अजूनही वाटतं.

रविवारी सकाळी पेपर आष्टीच्या स्टँडवर उतरले. हॉटेलात बातमी मोठ्याने वाचली गेली. संपतने स्वतः येऊन नरहरचा हात धरला. “सर, चुकलं आमचं. पोरगं लई दमाचं हाय.” नरहर खुशीत मैदानाकडे गेला.

शहागडच्या पोरांत तो नेहमीसारखा जाऊन बसला. कुणी सरकून जागा दिली नाही. काकांच्या गुडघ्याखाली पेपर घडी करून दाबलेला होता आणि ते हरिओमला पट्टी बांधत होते. उजव्या गुडघ्याची बांधून झाली, डाव्याची हातात घेतली आणि ते थांबले.

“आता ही दुसरी कशाला बांधून राह्यलो, तेच कळंना झालंय,” काका म्हणाले. नरहरकडे त्यांनी पाहिलंही नाही.

तेव्हा कुठे नरहरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “काका,” तो म्हणाला, “बसवा आज त्याला. नका खेळवू.”

“बसंल का तो? तुम्हीच छापलं ना, पाय मोडला तरी मैदान सोडत न्हाई म्हणून? सगळ्या आष्टीनं वाचलंय. निवडवाल्यांनी वाचलंय. आता बसला तर काय म्हणतील?”

“बांधा काका,” हरिओम म्हणाला. “खेळतो मी.”

समोर हसनाबादची टीम होती. त्यांचा भिवा हा कोपऱ्यातला पक्का गडी, दोन दिवस उजव्या कोपऱ्यात उभा राहिलेला. आज तो डाव्या कोपऱ्यात उभा होता, म्हणजे रेडला आलेल्या हरिओमच्या बरोबर उजव्या पायासमोर. मैदानाभोवती एवढा समाज जमलेला, पण डावं-उजवं टिपणारा एकच माणूस तिथे होता. त्याला ते पहिल्या मिनिटाला दिसलं. ओरडावंसं वाटलं. पण ओरडून सांगणार काय आणि कोणत्या तोंडाने?

पहिली रेड हरिओमने निभावून नेली. दुसरीत चक्क एक गुण आणला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. तिसऱ्या रेडला भिवा खाली झेपावला आणि त्याने उजवा घोटा धरला. हरिओम वळायला गेला, वरून चौघं कोसळले. हरिओम ओरडला नाही. तळहाताने जमीन आपटत राहिला. पंचांनी शिट्टी वाजवली, ढीग बाजूला झाला, तरी त्याचा हात थांबेना.

त्याला उचलून गाडीत घातलं. नरहर गाडीपाशी गेला तर काकांनी आतून दार ओढून घेतलं. सामना पुढे चालू राहिला. हसनाबादने तो जिंकला. बक्षीस समारंभात भिवा नरहरला शोधत आला. विशीतलं पोरगं, चेहरा उतरलेला.

“सर, तुमची बातमी वाचली म्हणून आमाला कळलं. आमच्या सरांनी सकाळीच जागा बदलली माही,” तो म्हणाला. “पण मी हळूच धरल्तं, खरं सांगतो. वरून बाकीचे पडले. लई लागलं का त्याला?”

नरहरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली. या पोराला दोष तरी काय द्यायचा? त्याने मन लावून बातमी वाचली होती, एवढाच त्याचा गुन्हा. त्या दिवशी नरहरने पाठवलेल्या बातमीत पहिल्या ओळीपासून पाहुण्यांची नावं होती.

जालन्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. ट्रकवर चढायचं नाव वर्षभर तरी काढायचं नाही, आणि कबड्डीचं पुढचं पुढे बघू, म्हणाले. जिल्ह्याचा संघ जाहीर झाला, त्यात हरिओम नव्हता. नरहर ऑफिसात शिक्के मारत बसे आणि अर्ज उलटा आहे की सुलटा हेही त्याला कळत नसे. दवाखान्यात जायचं त्याला धैर्य झालं नाही. शेवटी शरयूच म्हणाली, “जाऊन या. त्यांनी हाकललं तरी जाऊन या.”

हरिओम घरी आल्यावर नरहर एका दुपारी शहागडला गेला. पत्र्याच्या खोलीत बाजेवर हरिओम पडलेला, पाय उशांवर. त्याने नरहरकडे पाहिलं आणि नजर आढ्याकडे वळवली. त्याच्या मायने, द्वारकाबाईंनी, मात्र लगबगीने सतरंजी टाकली.

“या सर, बसा. तुमचीच वाट पाहून राह्यले.” त्यांनी फळीवरच्या डब्यातून घडी घातलेला पेपर काढला. “माह्या लेकाचं नाव मोठ्या अक्षरात आलं म्हणत्यात. मला वाचता येत न्हाई. ह्याला म्हणलं वाच, तर तोंड फिरवतो. तुम्हीच लिहिलं ना? मंग तुम्हीच वाचा.”

त्या माउलीचा चेहरा इतका उत्सुक होता, की नाही म्हणता येईना. नरहर वाचायला लागला. “शहागडचा हरिओम अंग चोरत नव्हता...” मग डोळे पुढच्या वाक्यावर अडखळले. ते वाक्य त्याने गाळलं आणि खालून वाचलं, “अशा जिद्दीची पोरं आजही आपल्या गावांत आहेत.” द्वारकाबाईंनी पदराने डोळे टिपले.

“मधलं सोडलं सर,” बाजेवरून आवाज आला. नरहर आल्यापासून हरिओम पहिल्यांदाच बोलला. “वाचा की. खोटं थोडंच हाय त्यात?”

नरहरने वाचलं. उजवा गुडघा, सूज, भार, सगळं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटत होता.

द्वारकाबाई ऐकत होत्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली. “म्हंजे शनिवारीच दुखत होता? फोनवर मला म्हणला, माय, एकदम बराबर हाय, काळजी करू नको.” त्यांनी लेकाकडे पाहिलं, मग नरहरकडे. रागावल्या नाहीत. उलट हसल्या. “बघा, जन्म दिला त्या मायपासून लपवलं अन् तुम्हाला दाखवलं. लई भरवसा दिसतो त्याचा तुमच्यावर.”

असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या. स्टोव्हचा आवाज सुरू झाला.

“व्हता,” हरिओम म्हणाला. आत द्वारकाबाईंना ते ऐकू गेलं नाही. नरहरला गेलं.