खिडकीपाशी पाट

मुलुंडच्या घरात नवं किचन करताना मी इंच न् इंच वापरला. आम्ही दोघं नोकरीवाले, कामं झटपट व्हायला हवीत ना! खाली सगळीकडे ट्रॉल्या आणि खिडकीजवळ उंच कपाट केलं.

पहिल्याच दिवशी सासूबाई नारळ खवायला विळी घेऊन मधोमध जमिनीवर बसल्या. एकही ट्रॉली उघडेना.

"आई, मिक्सर आहे ना!" मी वैतागले.

"मिक्सरातलं खोबरं तूच खा."

शेवटी सुताराला बोलावून ते कपाटच काढलं आणि तिथे पाट टाकला. आता नवरा तिथेच चहा पितो, लेक तिथेच अभ्यासाला बसते.

काल सासूबाई नारळ घेऊन आल्या, तर पाटावर मी.

"ऊठ गं, माझी जागा आहे ती."

"थांबा ना आई, वारा झकास येतोय!"