तिसरं मुसकं

सोनगीरकडे आमच्या तोताराम भाऊंचं नाव दोन गोष्टींसाठी निघतं: सरळ कोळपणी आणि वाकडं बोलणं. बाजरीच्या दोन ओळींमधलं तण कोळप्याने असं साफ काढतील, की शेजारच्या रोपाला पत्ता लागणार नाही. तोंडाचं मात्र तसं नाही. ते एकदा सुटलं की तणही जातं आणि पीकही.

भाऊंकडे बैल एकच, सरदार. शेजारच्या सुगंधाबाईंकडेही एकच, लाल्या. अकरा वर्षं दोघांची सावड. जोडी जुंपायची, आज यांचं वावर, उद्या त्यांचं. यंदा ऐन पेरणीत भाऊ तापाने फणफणले, म्हणून सुगंधाबाईंनी स्वतः बी पेरायची पांभर धरली. बाजरी उगवल्यावर भाऊ उठून बांधावर आले, सुगंधाबाईंच्या वावरातल्या नागमोडी ओळींवर नजर टाकली आणि चार माणसांत म्हणाले, "अक्का, ह्या ओळी कथा चालन्यात? बाजारले का?"

सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू! दुसऱ्या दिवसापासून अक्कांचा लाल्या मात्र यायचा बंद झाला.

इकडे तण माजलं. बाजरी गुडघ्याला लागली की कोळपं घालता येत नाही, मुळं तुटतात. हातात फार तर आठ दिवस होते. ट्रॅक्टरवाला म्हणाला, उभ्या पिकात चाक घातलं तर बाजरी जाईल आणि तण राहील. अक्कांची माफी मागितली असती तर अर्ध्या तासात काम झालं असतं, पण भाऊंना त्याचा सराव नव्हता. शेवटी जुवाच्या एका बाजूला सरदार जुंपला, दुसऱ्या बाजूला स्वतः भाऊ, आणि कोळप्यावर त्यांची बायको बेबाबाई.

सरदार पुढे, भाऊ मागे. कोळपं तिरपं होऊन सहा हात बाजरी मुळासकट निघाली. बेबाबाईंनी हात सोडले.

"पयले अक्कानी आपलं वावर पेरं. हात भरी उनात, मंग सोतानं. म्हनीसन ते वाकडं व्हयनं!"

अक्कांनी आधी त्यांचं वावर पेरलं आणि मग दमल्या हातांनी स्वतःचं, हे तापात पडलेल्या भाऊंना ठाऊक नव्हतं. जू खांद्यावर घेऊन ते तसेच उभे राहिले. मला त्यांची कीव आली, आणि माझ्या त्या दिवशीच्या हसण्याची लाजही.

बांधावरून अक्का हे पाहत होत्या. त्या घरी गेल्या आणि लाल्याला घेऊन आल्या. बैलांनी पिकाला तोंड लावू नये म्हणून बांधतात ती दोरीची मुसकी त्यांच्या हातात होती, पण तीन. दोन बैलांना बांधली. तिसरं भाऊंपुढे धरलं.

"बैलस्नी सोय व्हयनी. हाई तुम्हनं."

भाऊंनी ते घेतलं, कोळप्याच्या रुमण्याला, म्हणजे धरायच्या मुठीला, अडकवलं आणि जोडी आधी अक्कांच्या वावरात घातली.

ओळी खरंच वाकड्या होत्या. ओळ जिथे वळे तिथे भाऊ कोळपं वळवत. सरळ ओळीत कोणीही चालवेल. इथे एकही रोप तुटलं नाही. ओळीच्या टोकाला अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"बोला आते. किती वाकडी शे?"

भाऊंनी घाम पुसला. मागे वळून सगळी ओळ पाहिली.

"माले तं वाकडी दिखनीच नही, अक्का."

अक्का हसल्या नाहीत. रुमण्यावरचं मुसकं तेवढं काढून घेतलं.