जोत्यातले सहा झरोके

कमरोद्दीन जिल्दसाजांचा अर्धा जन्म पुस्तकं बांधण्यात गेला आणि उरलेला भोकं मोकळी करण्यात. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादेला निघालेल्या एका अंमलदाराकडून वडिलांनी छावणीतलं हे घर घेतलं. पुढच्या खोलीला सागवानी फळ्यांची जमीन, खाली हातभर पोकळी, आणि तिथं हवा खेळावी म्हणून बाहेरून जोत्यात सहा झरोके. याच खोलीत कमरोद्दीन लोकांची पुस्तकं बांधत.

पण झरोके कुणालाच बघवत नसत. ईदेआधी चुना द्यायला येणारा पुंजाराम ते न विचारता बुजवून टाकी.

"अरे, कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय, चाचा? भिंतीला भोक ठिवून गेलो तर लोक म्हनतील, पुंजारामाला काम येत नाय!"

कमरोद्दीन छिन्नी घेऊन बसत. आतून बायको जमिला म्हणे, "खोलो, खोलो. साप आया तो तुमीच पकडो." आणि ते नमाजाला गेले की चिंध्या कोंबी.

यंदा रस्ता झाला. जुन्यावरच नवा थर. चढाकडचे चार झरोके डांबराखाली गेले, उताराकडचे दोन रस्त्याच्या पातळीला आले. मुकादम हसला. "चाचा, लोक रस्त्यासाठी मोर्चे काढतेत, अन् तुम्ही भोकासाठी भांडता?" छावणीच्या कचेरीत अर्ज दिला, तर तिथल्या साहेबांनी विचारलं, "घराला खिडक्या नाहीत का?"

पावसाचं पाणी त्या दोन झरोक्यांतून आत शिरलं आणि आतच राहिलं. फळ्या पावलाखाली दबू लागल्या.

खोलीत तेव्हा नानासाहेब मास्तरांच्या वह्या बांधायला आल्या होत्या. चाळीस वर्षं हातानं लिहिलेल्या. दुसरी प्रत नाही. एका सकाळी कमरोद्दीननी तळची वही उचलली, तर पानं एकमेकांना चिकटलेली, अक्षरांवर हिरवट बुरशी. ते तसेच बाहेर आले आणि पहार घेऊन डांबर खणू लागले. तासाभरात वीतभर खड्डा झाला. झरोका दिसेना.

दुपारी वह्या सायकलवर लादून ते पुंडलिकनगरला मास्तरांच्या घरी गेले.

"झाल्या बांधून?" नानासाहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब. एक खराब झाली माझ्याकडं. बाकीच्या इथं वाळू द्या. मी रोज येऊन बांधून देतो."

नानासाहेबांनी चिकटलेली पानं बोटानं सोडवून पाहिली. एक पान फाटलं.

"या," ते म्हणाले. "पण वह्या आता माझ्या नजरेसमोर राहतील."

असं आजवर कमरोद्दीनना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. मग ओसरीवर बसून ते एकेक वही उभी करू लागले, पानं सुटी करत, वारा कुठून येतो ते बघत.