खोट्या बटणांचा कोट

अख्खी नाटक कंपनी तिला वहिनी म्हणायची आणि तिच्या नवऱ्याला महाराज. महाराज म्हणजे कंपनीचे नायक. चेहरा देखणा, आवाज भारदस्त आणि स्वतःवरचं प्रेम इतकं की आरशालाही अवघडल्यासारखं व्हावं. वहिनी म्हणजे रंगपटातलं शिलाई मशीन, इस्त्री आणि त्या दोन्हींच्या मध्ये बसलेली बाई. एकवीस वर्षांचा संसार महाराजांनी "जरा", "लवकर" आणि "कुठे मेलीस" या तीन हाकांवर चालवला होता. आणि तीही चालवून घेत होती, ही तिची चूक. ती पुढे तिने दुरुस्त केली, म्हणून तर ही हकिगत सांगायची.

ज्या नाटकावर कंपनी चौदा वर्षं जगत होती, ते जुळ्या भावांचं. एक भाऊ कारखान्याचा मालक, दुसरा गोदीतला हमाल आणि दोन्ही कामं महाराजांची. मालक डाव्या दारातून तणतणत आत जायचा आणि चाळीस सेकंदांत उजव्या दारातून फाटक्या सदऱ्यातला हमाल बाहेर यायचा. लोक तोंडात बोटं घालायचे.

त्या चाळीस सेकंदांत मागच्या अंधारात महाराज दोन्ही हात पसरून बुजगावण्यासारखे उभे राहायचे आणि वहिनी त्यांना केळ्यासारखं सोलायची. हमालाचे कपडे आधीच आत घातलेले असत. वरचा कोट, जाकीट, शर्टाची छाती आणि टाय हे सगळं तिने एकत्र शिवलं होतं. पुढची बटणं खोटी, नुसती टाचलेली. उघडायचं ते पाठीवर, सात हुकांनी, आणि ते हूक दिसू नयेत म्हणून वरून शिवणीची पट्टी. चार वेळा उसवून पाचव्यांदा तिला हे जमलं होतं. महाराजांनी मात्र आपली पाठ कधी पाहिली नव्हती. त्यांना समोरची बाजूच पुरेशी होती.

त्या वर्षी एका वर्तमानपत्राचा बातमीदार मुलाखतीला आला. वहिनी इस्त्रीचे सदरे हातावर घेऊन तिथेच उभी होती. त्याने विचारलं, "एवढ्या पटकन कपडे कसे बदलता?"

महाराज मंद हसले. "साधना लागते त्याला! मी एकटा बदलतो. दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही."

ते तसंच छापून आलं, फोटोसकट. वहिनीने ते दोनदा वाचलं आणि पेपराची घडी घालून कपाटात ठेवली. राग तिने नेहमीप्रमाणे गिळला, पण गिळलेलं सगळंच पचतं असं नाही.

आठवड्याभराने घरी फोन वाजला. नाट्यशाळेच्या मुख्य बाई बोलत होत्या. त्यांना मुलांना वेशभूषा शिकवायला माणूस हवं होतं आणि कंपनीतल्या एका म्हाताऱ्या नटीने वहिनीचं नाव सुचवलं होतं आणि तसं वहिनीच्या कानावरही घातलं होतं. फोन महाराजांनी घेतला. वहिनी आतल्या खोलीत उशांच्या खोळी बदलत होती.

"कोण, ती? शिकवणार?" महाराजांचं हसू भिंतीपलीकडे ऐकू आलं. "अहो, सुईत दोरा ओवण्यापलीकडे तिला काय येतंय? छे, तिला काय विचारायचं त्यात! नाही म्हणून लिहून टाका."

वहिनी बाहेर आली. "कुणाचा फोन होता?"

"राँग नंबर. चहा टाक."

तिने चहा टाकला. साखरसुद्धा विसरली नाही. पण आधण उकळेपर्यंत तिचं पक्कं झालं होतं. ते काम मिळवायचं आणि मिळवताना या माणसाला चारचौघांत तोंडावर पाडायचं. नुसतं काम मिळून तिचं भागणार नव्हतं. एकवीस वर्षांपूर्वी कदाचित भागलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती नाट्यशाळेत जाऊन उभी राहिली. बाई स्पष्टवक्त्या होत्या.

"मला तुम्ही हव्यात हो. पण आमची निवड समिती पुरावा मागते. कुठल्याच जाहिरातीत तुमचं नाव नाही. आणि पेपरात तर तुमचे यजमान स्वतः म्हणतायत..."

"वाचलंय मी ते," वहिनी म्हणाली. "रविवारी दुपारी प्रयोग आहे. समितीला घेऊन या. तिसऱ्या रांगेत बसा आणि एक खुर्ची माझ्यासाठी ठेवा."

"तुम्ही आत नको का?"

"मी कशाला? एकटे बदलतात ना ते."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि वहीत चार खुर्च्या लिहून घेतल्या.

रविवारी वहिनीने काहीही बिघडवलं नाही. एक टाका उसवला नाही की एक हूक वाकवला नाही. कोट घातला, साती हूक लावले, पट्टी बसवली, खांद्यावरची पावडर झटकली. तिसरी घंटा झाली, महाराज रंगमंचावर गेले आणि वहिनी बाजूच्या दाराने उतरून तिसऱ्या रांगेत बसली. तिच्या एका बाजूला मुख्य बाई होत्या, दुसऱ्या बाजूला समितीचे दोघे. चौदा वर्षांत तिने हे नाटक समोरून कधी पाहिलं नव्हतं. महाराजांचा अभिनय बरा होता, तिला वाटायचा त्यापेक्षा थोडा कमीच.

मालक डाव्या दारातून तणतणत आत गेला.

चाळीस सेकंद झाले. मग मिनिट झालं. रंगमंचावर आईचं काम करणारी ती म्हातारी नटी एकटीच होती. तिने टेबल पुसलं. खुर्ची पुसली. दुसऱ्यांदा टेबल पुसलं तेव्हा मागून कुणीतरी हसलं. तेवढ्यात, कॉलरमधला माईक चालू असल्याचं विसरून महाराज गरजले आणि ते अख्ख्या नाट्यगृहाने ऐकलं: "अगं ए! कुठे मेलीस? ही बटणं निघत नाहीयेत!"

समितीतल्या एकाने चष्मा पुसून पुन्हा लावला. वहिनी उठून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मी इथे आहे."

सहाशे माणसांच्या माना वळल्या. ती पायऱ्या चढून रंगमंचावर गेली. पडदेवाला दोरीला हात घालत होता.

"राहू दे वरच," ती म्हणाली.

त्याने महाराजांच्या दिशेला पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि दोरी सोडून दिली. त्यालाही महाराजांनी कधी नावाने हाक मारली नव्हती.

महाराज उजव्या दारातून आले ते लालबुंद होऊन. टाय कानाशी, कोट एका बाजूला ओढलेला, दोन खोटी बटणं मुठीत. त्यांनी तोंड उघडलं, पण समोर प्रेक्षक होते आणि हमाल आणि मालक यांच्यापैकी कुणाच्याच तोंडी या प्रसंगाला वाक्य नव्हतं.

"पाठ करा इकडे," वहिनी म्हणाली. "हात पसरा."

प्रेक्षकांसमोर बायकोवर ओरडलं तर प्रतिमेचं काय, आणि पाठ केली तर काय, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. शेवटी पाठ वळली. हात पसरले. वहिनीने दिव्याच्या उजेडात पट्टी उचलून सगळ्यांना दाखवली. "बटणं खोटी आहेत. ओढून निघत नाहीत. मी शिवलीत ती."

मग तिचा हात वरून खाली सरकला. सात हूक. कोट, जाकीट, टाय, छाती एकदम हातात आलं. वरची विजार कडेच्या हुकांवर सुटली, आतल्या सदऱ्याच्या खिशातलं फडकं डोक्याला बांधलं गेलं, त्यातलीच काजळी गालाला लागली. मधल्या रांगांतून लोक मोठ्याने आकडे मोजत होते. छत्तीसला हमाल तयार झाला.

टाळ्यांनी छप्पर दणाणलं. महाराजांची मान सवयीने झुकली, हात छातीशी गेला, आणि ते लवून उभे असतानाच त्यांच्या लक्षात आलं की लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत ते त्यांच्याकडे बघून नाही. आता नुसत्या टाळ्या नव्हत्या, हशाही होता. ते वाकलेलेच राहिले. सरळ व्हायचं तर तिच्याकडे पाहावं लागलं असतं.

वहिनीने ते डोळे भरून पाहिलं. तिला वाईट वाटलं नाही. नवऱ्याची कीव येईल अशी तिला थोडी भीती होती, ती खोटी निघाली. तिने कोट खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला आणि पायऱ्या उतरली.

मुख्य बाई दारापाशी थांबल्या होत्या. "सोमवारी आठला वर्ग असतो," त्या म्हणाल्या. "पण आता आत नाही जात? नाटक राहिलंय ना?"

"अजून चार वेळा कपडे बदलायचेत त्यांना," वहिनी म्हणाली. "पुढच्या खेपेला तोच कोट परत चढवायचाय, अंधारात. बघून घ्या हवं तर, मजा येईल."

आणि ती भर दुपारच्या उन्हात निघून गेली.